जलावतरणानंतरची वर्षे : जहाजबांधणीतील नियोजन-साधनांची पार्श्वभूमी

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या चार युद्धनौकांच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. ‘शिवालिक’ एप्रिल २००३ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली ती एप्रिल २०१० मध्ये. ‘कोलकाता’चे जलावतरण मार्च २००६ मध्ये झाले, ती दाखल झाली ऑगस्ट २०१४ मध्ये. ‘विशाखापट्टणम’ला एप्रिल २०१५ ते नोव्हेंबर २०२१ अशी साडेसहा वर्षे लागली, तर नव्या ‘निलगिरी’ला सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२५ अशी सव्वापाच. अंतर कमी होत आले आहे, पण लागणाऱ्या वेळेचा मोठा भाग अजूनही जलावतरणानंतरचाच आहे. कवच आधीच उभे असते. नंतरची वर्षे जातात पाइप, केबल, यंत्रे आणि शस्त्रे बसवण्यात आणि त्यांच्या चाचण्यांत.

म्हणूनच यार्डासाठी नियोजनाचे सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा: हे साधन कामाची विभागणी कशी करते? प्रणालीनुसार, म्हणजे ‘अग्निशमन पाइप’, ‘वातानुकूलन’ अशी? की जागेनुसार, म्हणजे ‘अमुक ब्लॉक (जहाजाचा वेगळा बांधून मग जोडायचा मोठा तुकडा), अमुक कप्पा, अमुक टप्पा’ अशी? हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला मालवाहू जहाजांची तातडीची गरज पडली. १९१७-१८ मध्ये हेन्री गँट यांचे तक्ते तिथल्या सरकारी जहाजबांधणीत वापरले गेले. एका ओळीत ठरलेले काम आणि त्याच ओळीवर झालेले काम, त्यामुळे मागे कोण पडले हे एका नजरेत दिसे. फिलाडेल्फियाजवळच्या हॉग आयलंड यार्डात ५० स्लिपवे (जहाज बांधून पाण्यात सोडायचे उतार) होते आणि जहाजाचे भाग दूरदूरच्या कारखान्यांतून कापून, भोके पाडून येत. तिथे १२२ जहाजे बांधली गेली, पण पहिले हाती आले तेव्हा युद्ध संपले होते. गँट तक्त्याची मर्यादा अशाच ठिकाणी उघडी पडते. ओळी एकमेकींशी जोडलेल्या नसतात. प्लेट उशिरा आली तर पुढच्या कोणत्या ओळी सरकतील, हे तक्ता सांगत नाही. ते माणसाच्या डोक्यात असावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ‘लिबर्टी’ या एकाच नमुन्याच्या अमेरिकी मालवाहू जहाजांनी चित्र पालटले. रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली, त्यामुळे मोठे भाग स्लिपवेबाहेर जोडून क्रेनने आणून बसवता येऊ लागले. रिचमंड येथील कैसर यार्डात नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज कील (तळाचा कणा) ठेवल्यापासून ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरले. हा विक्रम प्रचारासाठी होता, हे खरे. तरी त्यातले तंत्र लक्षात घेण्यासारखे आहे: काम नाहीसे झाले नव्हते, ते कील ठेवण्याच्या आधीच्या आठवड्यांत सरकले होते.

पुढचा टप्पा जपानमध्ये घडला, आणि आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा तोच. १९५१ मध्ये नॅशनल बल्क कॅरिअर्स या अमेरिकी कंपनीने कुरे येथील जुनी नौदल गोदी भाड्याने घेतली. कैसर यार्डात काम केलेले एल्मर हान तिथे गेले आणि हिसाशी शिंतो हे त्यांचे मुख्य अभियंता झाले. शिंतो पुढे आयएचआय या जपानी जहाजबांधणी कंपनीचे अध्यक्ष झाले. (त्याहीनंतर जपानच्या दूरसंचार कंपनीचे, एनटीटीचेही.) जहाज प्रणालीनुसार न बांधता तयार होणाऱ्या तुकड्यांनुसार बांधायचे, ही पद्धत या लोकांनी पक्की केली. कवचाचे ब्लॉक, विभागवार आउटफिटिंग (पाइप, केबल, यंत्रे बसवणे) आणि विभागवार रंगकाम या तिन्हींचे वेळापत्रक एकाच विभागणीवर बसवले. एका टोळीला एका जागी एका टप्प्यात लागणारे सामान एकाच पॅलेटवर येई. १९५६ पर्यंत जपानने जहाजबांधणीत ब्रिटनला मागे टाकले होते. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेने हीच पद्धत जपानकडून परत शिकून घेतली.

त्याच काळात अमेरिकी नौदलात दुसरी वाट तयार होत होती. १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही वेळापत्रकाची पद्धत आली. प्रत्येक कामाला आशावादी, संभाव्य आणि निराशावादी असे तीन अंदाज द्यायचे, संभाव्य अंदाज चौपट धरून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. ड्युपाँट कंपनीची क्रिटिकल पाथ पद्धतही (एकमेकांवर अवलंबून कामांची सर्वांत लांब साखळी शोधणारी) साधारण त्याच वेळची. दोन्ही पद्धती कामांची साखळी नीट दाखवतात, पण गोदीत अडते ते साखळीपेक्षा जागेवर आणि क्रेनवर. ३०० टनांची क्रेन असेल तर ब्लॉकचे कमाल वजन तीच ठरवते. जोडणीच्या मैदानात सहा ब्लॉकची जागा असेल, तर सातव्या ब्लॉकला कागदावर कितीही सवड असली तरी तो थांबतो. जागा हे मर्यादित साधन म्हणून ज्या सॉफ्टवेअरला कळत नाही, त्याचा क्रिटिकल पाथ यार्डात फसवा ठरतो.

१९६७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ३५ निकष घालून दिले आणि त्यांतून अर्जित मूल्याची, म्हणजे झालेले काम मंजूर तासांत मोजण्याची, पद्धत रुळली. उदाहरण घेऊ. एका जहाजासाठी १०,००० मनुष्यतास मंजूर आहेत. आजपर्यंत ४,००० तासांचे काम व्हायला हवे होते, झाले ३,००० तासांचे, आणि त्यावर ३,६०० तास खर्ची पडले. वेळेचा निर्देशांक ०.७५, खर्चाचा ०.८३, हीच गती राहिली तर एकूण खर्च १२,००० तासांवर जाईल. पद्धत उत्तम आहे, पण तिचे दोन दोष यार्डात नेहमी भोवतात. काम कितीही उशिरा संपले तरी वेळेचा निर्देशांक शेवटी १ वरच येतो. दुसरा दोष अधिक घातक. जहाजाच्या मधल्या भागातले सपाट ब्लॉक सोपे असतात, त्यामुळे ते आधी उरकून तास ‘कमावता’ येतात आणि तेवढ्या काळात इंजिनरूम मागे राहते. एकूण आकडा चांगला दिसतो आणि जहाज अडकलेले असते. म्हणून मूल्य एकत्र न पाहता विभागवार पाहावे, आणि टक्केवारी मुकादमाच्या अंदाजाने भरू नये. काम पूर्ण झाले तर शंभर, नाहीतर शून्य. मात्र यासाठी कामाचे पुडके लहान हवे: एक टोळी, फार तर दोन आठवडे.

१९७७ मध्ये आर्टेमिस हे संगणकावरचे नियोजन-साधन आले. १९८३ मध्ये याच क्षेत्रातली प्रिमावेरा कंपनी सुरू झाली आणि २००८ मध्ये ती ओरॅकलने घेतली. स्वीडनच्या कॉकम्स यार्डात रुजलेली जहाज-आराखड्याची प्रणाली ट्रिबॉन नावाने वाढली आणि २००४ मध्ये अवीवा या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. वेळापत्रक एका घरात, त्रिमितीय आराखडा दुसऱ्या घरात आणि खरेदी तिसऱ्या घरात, ही आजची मुख्य अडचण इथूनच आली. आराखड्यातल्या पाइप स्पूलचा (पाइपच्या तयार तुकड्याचा) क्रमांक खरेदीच्या यादीत वेगळा असेल, तर कोणतेही साधन घेतले तरी पॅलेट अपुरेच येईल.

त्यामुळे विक्रेत्याचे तयार सादरीकरण पाहून निर्णय घेऊ नये. आपल्याच इंजिनरूमखालचा दुहेरी तळाचा एक ब्लॉक त्याच्या हाती द्यावा. त्याची सगळी कामे ब्लॉक, विभाग, टप्पा, कामाचा प्रकार आणि टोळी या पाच संकेतांनी भरायला सांगावीत. मग एक व्हॉल्व्ह तीन आठवडे उशिरा येतो असे धरून ब्लॉकची उचल, मैदानाची जागा आणि टोळ्यांचे तास कसे सरकतात ते पाहावे. हाताने बदल करावे लागले, तर ते साधन म्हणजे नुसता मोठा गँट तक्ता.

मुंबई-गोव्यात एक चाचणी जादा करावी, ती पावसाळ्याची. साधारण नियम असा की सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंग लावायचा नाही. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा ब्लॉक यामुळे दिवसचे दिवस अडतो, तर छताखालचा ब्लॉक हवा कोरडी ठेवण्याची सोय असली तर चालू राहतो. म्हणून काम करता येणाऱ्या दिवसांची दिनदर्शिका कामाला जोडून चालत नाही, ती जागेला जोडता यायला हवी. तशी सोय नसेल तर रंगाचा उशीर आउटफिटिंगच्या नावावर पडतो, आणि कार्यशाळेत एका तासात बसणारा पाइप जलावतरणानंतर अरुंद कप्प्यात आठ तास खातो. एक-तीन-आठ हा यार्डातला जुना ढोबळ नियम हेच सांगतो: कार्यशाळेत एक तास, ब्लॉकवर तीन, पाण्यावर आठ.