निस्तार हक्क (विदर्भ)

पूर्व विदर्भातील गावकऱ्यांना गावच्या पडीत जमिनीतून व जंगलातून घरगुती गरजेपुरते सरपण, घरबांधणीचे लाकूड, बांबू, गवत, माती, मुरूम इ. घेण्याचा आणि गुरे चारण्याचा जो हक्क वहिवाटीने व पुढे कायद्याने मिळाला, त्यास निस्तार हक्क म्हणतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे सहा जिल्हे हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. आबादीतील (गावठाणातील) घराच्या जागेचा हक्क कायद्यात निराळा मानला जातो. तथापि ज्याचे घर आबादीत त्याचाच निस्तार जंगलात, अशी गावाची जुनी रीत असल्याने दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे. विधिमंडळ व संसद यांनी या हक्काची वेळोवेळी तपासणी केली, परंतु ती घर, कूळ आणि इंधन अशा तीन खात्यांत विभागून झाली. निस्ताराची आजची दुबळी अवस्था पुष्कळशी या विभागणीतून आलेली आहे.

हक्काच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मालगुजारीहून (सारा भरणाऱ्यास गावाचा मालक ठरविणाऱ्या पद्धतीहून) जुना असून त्याची मुळे गोंड राज्यांच्या काळातील ग्रामव्यवस्थेत आहेत. गाव वसविताना शीव (हद्द) ठरे, आणि शिवेच्या आतील झाड, पाणी व गवत हे गावात राहणाऱ्या सर्वांच्या उपयोगाचे समजले जाई. भोसल्यांच्या अमलातही पाटील हा सारा गोळा करणारा व गाव चालविणारा होता, जमिनीचा धनी नव्हता. दुसऱ्या मतानुसार निस्तार ही ब्रिटिश जमाबंदीची (जमिनीचा सारा व मालकी ठरविण्याच्या कामाची) निर्मिती होय. नागपूरचे राज्य १८५३ मध्ये भोसल्यांकडून गेल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर झालेल्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. लागवडीच्या मानाने फार मोठे असलेले पडीत क्षेत्र सरकारने स्वतःकडे काढून घेतले (पुढील राखीव जंगलांचा पुष्कळ भाग यातूनच आला) आणि उरलेले मालगुजाराच्या मालकीत गेले. मालकी एकाची झाल्यामुळे इतरांच्या वापराची नोंद करणे भाग पडले. ती ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावरिवाजांच्या दस्तऐवजात झाली.

दुसऱ्या मताचा आधार मुख्यतः कागदोपत्री आहे, आणि तेथेच त्याची मर्यादाही आहे. नोंद जमाबंदीत झाली म्हणून वहिवाट जमाबंदीत जन्मली असे ठरत नाही. वाजिब-उल-अर्जाची भाषाही ‘या गावी अशी चाल आहे’ असे नमूद करण्याची आहे. याच सुमारास हिंदुस्थानच्या वनकायद्यावर जो वाद झाला, त्याची छाया निस्तारावर पडलेली दिसते. राज्याने स्पष्टपणे मान्य केला असेल तोच हक्क, बाकी सर्व केवळ सवलत, अशी भूमिका वनाधिकारी बी. एच. बेडन-पॉवेल याने मांडली. वनखात्याचा प्रमुख ब्रँडिस याने गावांच्या वहिवाटीला काही प्रमाणात हक्काचा दर्जा द्यावा असे सुचविले, तर मद्रास सरकारने गावांचा हक्क मूळचाच असल्याचे प्रतिपादन केले. १८७८ चा वनकायदा बेडन-पॉवेलच्या बाजूला झुकला. तेव्हापासून सरकारी जंगलात ‘सवलत’ आणि मालगुजारी जंगलात ‘हक्क’ अशी दुहेरी परिभाषा रूढ झाली. एकाच गावची बाई सकाळी एका जंगलातून हक्काची मोळी आणे आणि दुसऱ्या जंगलातून मेहेरबानीची. एकंदरीत वहिवाट जुनी, तिची कायदेशीर मांडणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जमीनदारी मुलखात (तेव्हाच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील अहेरी ही त्यांतील प्रमुख जमीनदारी) रीत थोडी वेगळी होती. तेथे दर नांगरामागे किंवा दर घरामागे ठरावीक वार्षिक रक्कम घेऊन सरपण व बांबू नेऊ देत असत. ही रक्कम हक्काचे मोल होते की जमीनदाराचा कर, याचा निवाडा जमीनदारीच्या काळात समाधानकारकपणे झालेला दिसत नाही.

निस्तार मुख्यतः कुळाशी जोडलेला होता. मध्य प्रांतातील १८८३, १८९८ व १९२० च्या कुळकायद्यांनी कुळांना टप्प्याटप्प्याने संरक्षण दिले. शेतावरील कब्जा त्यामुळे बळकट झाला. घराखालची जागा मात्र आबादीत, आणि आबादी मालगुजाराची. त्यामुळे घर कुळाचे असले तरी जागेवरून ताण राहत असे. १९१७ च्या मध्य प्रांत जमीन महसूल अधिनियमाने आबादीतील घरजागेच्या प्रश्नाची दखल घेतली. बलुतेदार आणि भूमिहीन मजूर यांची स्थिती सर्वांत नाजूक होती. त्यांचे घर आणि त्यांचा निस्तार दोन्ही पुष्कळदा मालगुजाराच्या मर्जीवर चालत.

या व्यवस्थेची पहिली समग्र तपासणी नागपूरच्या विधिमंडळात झाली. मध्य प्रांत व वऱ्हाड विधानसभेने १९४६ मध्ये मध्यस्थांचे (मालगुजार, जमीनदार इत्यादींचे) उच्चाटन करण्याचा ठराव केला, आणि १९५० मध्ये तत्संबंधीचे विधेयक मंजूर झाले. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या सरकारजमा झाल्या. अहेरीच्या जमीनदारांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये फेटाळले. या अधिनियमाचे कलम ५ गावकऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आबादीच्या हद्दीतील सर्व इमारती, मोल देऊन घेतलेल्या घरजागा, १९४८-४९ पूर्वी सलग बारा वर्षे कब्जात असलेली घरगुती वा शेतीच्या वापराची मोकळी आवारे, त्यांतील विहिरी व झाडे ही मालकाची असोत वा अन्य कोणाची, ज्याची त्याच्याकडेच राहतील आणि खालची जमीन सरकार त्याच्या नावे करून देईल, असे त्यात म्हटले आहे. ‘अन्य कोणी व्यक्ती’ या शब्दांनी कुळालाही मालगुजाराच्या बरोबरीने आबादीत उभे केले. हे एवढे मोठे काम इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणत्या कायद्याने केल्याचे विदर्भात क्वचितच आढळेल.

मालगुजारी जंगले सरकारकडे आल्यावर निस्ताराचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून ‘निस्तारपत्रक’ तयार करण्याची तरतूद झाली. ती १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेतून (हे जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते) महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये (कलमे १६१ ते १६७) उतरली. गावातील बिनभोगवट्याच्या (कोणाच्या धारणेत नसलेल्या) सर्व जमिनीच्या व्यवस्थेची योजना जिल्हाधिकाऱ्याने तयार करावी, तिचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांची इच्छा जाणून मगच ती कायम करावी, असे कलम १६१ सांगते. ग्रामपंचायतीच्या विनंतीवरून, किंवा पंचायत नसेल तर एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांच्या अर्जावरून, तीत बदल करता येतो. कलम १६३ प्रमाणे शेतीच्या गुरांना मोफत चराई, घरगुती उपयोगासाठी वनोपज व गौण खनिज मोफत नेण्याची मुभा आणि गावच्या कारागिरांना धंद्यापुरती सवलत, यांची शक्य तेथवर सोय पत्रकात असावी लागते. ‘शक्य तेथवर’ या शब्दांनी बरेच काही सैल ठेवले. १९६० नंतर या तरतुदीची झाडाझडती महाराष्ट्र विधिमंडळाने घ्यावयाची होती. विदर्भाच्या महाराष्ट्रातील समावेशाविषयीच्या नागपूर करारानुसार (१९५३) नागपूरला दरवर्षी अधिवेशन भरते व त्यात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना यांतून वन व महसुलाचे विषय येतात. मात्र प्रश्न विचारला जातो तो वनखात्याला किंवा महसूलखात्याला, आणि निस्तारपत्रक महसुलाचे, झाड वनाचे, अशा स्थितीत उत्तर अर्धेच मिळते.

सर्वांत गुंतागुंतीचा धागा झुडपी जंगलाचा आहे. मध्य प्रदेशच्या महसूल अभिलेखात खुरट्या झुडपांच्या, मुख्यतः चराई व निस्ताराच्या जमिनी या नावाने नोंदल्या होत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हे जिल्हे मुंबई राज्यात आले. तिकडच्या वर्गवारीत असा प्रकारच नसल्याने नोंद तशीच चालू राहिली. पुढे या जमिनींवर शाळा, रस्ते, पाणीपुरवठ्याची कामे, वस्त्या, घरकुले झाली. वन (संवर्धन) अधिनियम २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला आणि ‘वन’ शब्दाचा व्यापक अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १२ डिसेंबर १९९६ रोजी आला, तेव्हा नावातील ‘जंगल’ या एका शब्दामुळे हजारो घरे वनजमिनीवरील ठरली. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे म्हटले. त्याच वेळी १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या व वर्गवारी न बदललेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी आणि तीसाठी पर्यायी वनीकरण व नक्त वर्तमान मूल्याची (वनजमिनीपोटी भरावयाच्या रकमेची) अट घालू नये, असा मार्ग दिला. त्या तारखेनंतरच्या वाटपांना कठोर छाननी लागू आहे. निस्ताराच्या जमिनीवर निस्ताराच्याच हक्कदाराचे घर अतिक्रमण ठरावे, हा दोष गावकऱ्याचा नसून अभिलेखाचा आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

संसदेच्या पातळीवर निस्ताराला नाव घेऊन मान्यता मिळाली ती वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये. १३ डिसेंबर २००५ रोजी मांडलेले विधेयक व्ही. किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीने २००६ मधील अहवालात आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासींचा समावेश करावा आणि पात्रतेची तारीख १९८० वरून १३ डिसेंबर २००५ पर्यंत आणावी अशा शिफारशी केल्या. दोन्ही कायद्यात आल्या, जरी इतर पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या (७५ वर्षे) वास्तव्याची अट राहिली. पूर्व विदर्भातील ढिवर, बुरूड, गोवारी अशा समाजांना ती जाचक ठरते. कलम ३(१)(ख) मध्ये ‘निस्तार, मग त्यास कोणतेही नाव असो’ असा उल्लेख असून जमीनदारी वा तत्सम मध्यस्थ व्यवस्थांतील हक्कही त्यात येतात. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड व बुंधे स्पष्टपणे घातले आहेत. सरपणाच्या दृष्टीने हे शब्द मोलाचे आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथील ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक सुपूर्द करण्यात आले. त्यानंतर या जिल्ह्यात सामूहिक हक्कांचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले.

इंधनाची बाजू तुलनेने कमी तपासली गेली. वनविभाग निस्तार डेपोंतून जळाऊ लाकूड सवलतीच्या दराने विकत आला आहे. वर्धा व नागपूरच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाटी व तुराट्या (कापूस व तुरीची वाळलेली झाडे) यांवर चूल चालते, पूर्वेकडील जंगलव्याप्त झाडीपट्टीत जंगलावर. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या दिल्या. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा त्यावरील २०१९ चा अहवाल संसदेपुढे आला. ३१ डिसेंबर २०१८ रोजीच्या स्थितीप्रमाणे देशभरातील लाभार्थी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच पुन्हा भरून घेत असल्याचे त्यात दाखविले आहे. जोडणी मिळाली तरी सरपण सुटले नाही, असा याचा अर्थ होतो. चंद्रपूर जिल्ह्यात सरपण, मोहफूल वा तेंदूपाने आणायला गेलेल्या माणसांवर वाघांचे हल्ले होतात. घरगुती इंधनाचा हा खर्च कोणत्याही दरपत्रकात मांडलेला नसतो. व्याघ्रप्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांत श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानित गॅस दिला जातो.

घराच्या बाबतीत संसदेची ग्रामविकासविषयक स्थायी समिती प्रधानमंत्री आवास योजनेचे (ग्रामीण) परीक्षण करते. सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये हे साहाय्य वाढवावे अशी तिची शिफारस आहे. राज्यात विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदांच्या घरकुलांचे काम पाहते. पूर्वी मयाल (तुळया), फाटे व बांबू निस्तारातून येत आणि छपराला कवेलू (कौले) गावच्या कुंभाराचे. आजचे घरकुल विटा, सिमेंट व लोखंडाचे असल्याने निस्ताराचा बांधकामातील वाटा रेती व मुरमापुरता उरला आहे, आणि तोही गौण खनिजाच्या नियमांत अडकतो. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. भाडेनियंत्रणाचे कायदे मुख्यत्वे शहरांपुरते असल्याने खेड्यातील भाडेकरू त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

वऱ्हाडात रयतवारी (शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत) असल्याने मालगुजारी अर्थाने निस्तार नाही. तेथे ब्रिटिश काळात जंगलांची अ, ब, क अशी वर्गवारी होऊन क वर्ग चराईसाठी राखला गेला. गावच्या सामाईक चराईच्या जमिनी ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांवरील घरांच्या नियमानुकूलतेचा प्रश्न झुडपी जंगलासारखाच आहे.