फिएरो की एमआर टू : एक जळकी, एक गंजकी

पॉन्टिॲक फिएरो आणि पहिल्या पिढीतली टोयोटा एमआर टू म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. दोन्ही दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या, पाचरीसारखं नाक, बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येणारे हेडलाइट, इंजिन सीटच्या पाठीमागे, आणि आल्या पण एकाच सुमारास, १९८४ ला. फोटोत भल्याभल्यांची गल्लत होते. गाडी समोर असेल तर सोपं आहे, फ्रिजवरचं लोहचुंबक काढून दाराला लावा, चिकटलं तर टोयोटा, घसरून खाली पडलं तर फिएरो, कारण फिएरोला बाहेरून सगळे पॅनल प्लास्टिकचे आणि आत स्टीलचा सांगाडा.

रिलायबिलिटीच्या बाबतीत मात्र कोणी गल्लत करत नाही. फिएरो म्हणजे पेट घेणारी गाडी आणि एमआर टू म्हणजे न मरणारी गाडी, हे सगळ्यांचं पाठ झालेलं. माझं म्हणणं एवढंच की हे दोन्ही अर्धवट खरं आहे, आणि आज चाळीस वर्षांनी यातली एखादी घ्यायची म्हटली तर जे अर्धं कोणी सांगत नाही तेच खिशाला चाट लावतं.

मुळात या गाड्या स्वस्त कशा झाल्या तर फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं इंजिन आणि गेअरबॉक्स अख्खं उचलायचं आणि सीटच्या मागे बसवायचं. फियाटनं एक्स वन-नाईनमध्ये १९७२ लाच हे करून दाखवलं होतं (ती पण गोड गाडी, पण गंजाच्या बाबतीत बोलायलाच नको). टोयोटानं कोरोलाच्या घरातलं इंजिन घेतलं. पॉन्टिॲकनं तर कमालच केली, शेव्हरोले सायटेशन या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं पुढचं सस्पेन्शन (चाकं धरणारी, धक्के सोसणारी यंत्रणा) इंजिनासकट मागे नेलं, मागची चाकं वळायला नकोत म्हणून स्टिअरिंगचे रॉड जागच्या जागी पक्के बांधून टाकले, आणि पुढे शेव्हेट नावाच्या छोट्या गाडीचं सस्पेन्शन लावलं. बजेट कमी असलं की असं होतं.

आता आगीचं. पहिल्या वर्षीच्या फिएरोत २.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन यायचं, नाव ‘आयर्न ड्यूक’, ताकद जेमतेम ९२ हॉर्सपॉवर. इंजिन तसं रांगडंच, अमेरिकेतल्या पोस्टाच्या गाड्या याच इंजिनावर वर्षानुवर्षं पळाल्यात. पण फिएरोत त्याला ऑइलची टाकी लहान मिळाली, तीन लिटरच्या आसपास. आणि त्यातच काही कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) कास्टिंग कच्चं निघालं. म्हणजे बघा, आधीच ऑइल कमी, मालकानं डिपस्टिक काढून बघायचा कंटाळा केला, ऑइल आणखी खाली गेलं, आणि हायवेवर रॉड तुटून इंजिनच्या ब्लॉकला आतून भगदाड पाडून बाहेर, की गरम ऑइल थेट लालभडक एक्झॉस्टवर. मग आग लागायला आणखी काय पाहिजे. १९८७ ला कंपनीनं १९८४ च्या चार सिलिंडरवाल्या गाड्या परत बोलावल्या, पुढे बाकीच्या वर्षांच्या गाड्यांचा पण नंबर लागला. पण सगळ्यात जास्त गाड्या, एक लाख छत्तीस हजारांच्या वर, विकल्या गेल्या होत्या त्या नेमक्या पहिल्याच वर्षी. त्यामुळे एका वर्षाचा डाग पाचही वर्षांना लागला. १९८५ पासून मिळणारं २.८ लिटरचं व्ही सिक्स, १४० हॉर्सपॉवरचं, हे वेगळंच इंजिन आहे, तरी लोक त्याच्याकडे पण फायर एक्स्टिंग्विशर घेऊनच बघतात.

एमआर टूचं इंजिन मात्र खरंच हिरा आहे, यात वाद नाही. १.६ लिटर, डबल कॅम, १६ व्हॉल्व्ह, साडेसात हजार आरपीएमपर्यंत हसत जातं, ऑइल आणि टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला तर कुरकुर नाही. पाचवा गेअर आपोआप सुटून न्यूट्रलला येणं हा गेअरबॉक्सचा जुना आजार आहे, चालवताना पाचव्यात ॲक्सिलरेटर दाबून-सोडून बघायचं, कळतं लगेच.

पण गाडी म्हणजे नुसतं इंजिन नाही ना. एमआर टू मरते ती पत्र्यानं. मागच्या चाकांच्या वरची कमान बोटांनी आतल्या बाजूनं चाचपून बघा, तिथे चिखल साचून राहतो आणि पत्रा आतून पापडासारखा होतो. बाहेर रंगाला दोन फुगे दिसले म्हणजे आत काम झालेलं आहे असंच धरायचं. मग सिल, म्हणजे दाराखालची लांब पत्र्याची पट्टी. काचेचं निघणारं छत असेल तर त्याचे रबर वाळून पाणी आत येतं आणि कार्पेटखाली मुरत बसतं. बिघडलेलं इंजिन दोन दिवसांत उतरवून दुसरं टाकता येतं, कुजलेल्या सिलचं वेल्डिंग मात्र महिनोन्महिने चालतं.

यावर फिएरोवाले म्हणतात आमच्या गाडीला गंजच नाही. हे प्लास्टिकपुरतं खरं. आतला स्टीलचा सांगाडा गंजतोच, फक्त दिसत नाही, वरून कीर्तन आतून तमाशा. बॅटरी मागे इंजिनच्या कोपऱ्यात बसते, तिचं ॲसिड खाली ठिबकत राहतं, त्यामुळे बॅटरी उचलून तिच्या खालची ट्रे आणि त्याच्या खालचा रेल (सांगाड्याचा लांब दांडा) टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. पोर्शे ९१४ ला पण हाच रोग, बॅटरीच्या खाली सस्पेन्शन जिथे बसतं तीच जागा कुजते.

एक दुखणं दोघींना सारखं, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे कूलंटचे लांबलचक पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. कूलंट बदलताना हवा अडकली की इंजिन तापणार, मग लोक उगाच थर्मोस्टॅटला शिव्या देतात. फिएरोत हे पाइप कडेनं जातात, आणि टायरवाल्यानं चुकीच्या जागी जॅक लावला की पाइप चेपला. खाली वाकून पाइप गोल आहे की चपटा हे बघायचं. क्लच नीट सुटत नसेल तर क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर बदलायच्या आधी पेडलचा दांडा बघा, फिएरोत तो चक्क वाकतो.

माझं मत विचाराल तर पत्रा शाबूत असेल तर एमआर टू, डोळे झाकून. फिएरो घ्यायची तर १९८४ ची चार सिलिंडरवाली सोडून कुठलीही, आणि चालवायला सगळ्यात भारी १९८८ ची, कारण त्या वर्षी तिला शेवटी स्वतःचं नीट सस्पेन्शन मिळालं आणि त्याच वर्षी गाडी बंद पण झाली. सव्वीस हजारांच्या आसपासच बनल्या. त्यामुळे त्या एका वर्षापुरते वेगळे असलेले पुढच्या चाकांचे बेअरिंग शोधताना घाम निघतो, आणि १९८४ च्या जळक्या गाडीचे पार्ट मात्र पाहिजे तेवढे मिळतात.