वशिंडात पाणी नसतं

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. हळद-तूप चोळताना हात बैलाच्या वशिंडावर जातोच, आणि शेजारी उभं असलेलं एखादं पोर हमखास विचारतं, "यात पाणी असतं का?" उंटाच्या गोष्टींमुळे हा समज मोठ्यांमध्येही आहे. पण पाणी उंटाच्या मदारीतही नसतं, तिथे चरबी असते. बैलाचं वशिंड हे मुख्यतः स्नायू आणि थोडी चरबी. जू त्याच्या पुढे बसतं म्हणून ते आपल्या डोळ्यांत भरतं. उन्हाशी झुंजतात ती मात्र कातडी आणि पोटातली आग.

माणदेशातला खिल्लार बैल पाहा. अंगावर आखूड, तुकतुकीत पांढरे केस, ते ऊन परतवतात. वशिंडाच्या बऱ्याच गुरांची केसांखालची कातडी काळसर असते, ती अतिनील किरण फारसे आत जाऊ देत नाही. वशिंडाच्या गुरांच्या घामाच्या ग्रंथी युरोपीय गुरांपेक्षा मोठ्या आणि कातडीच्या पृष्ठभागाला जवळ असतात, त्यामुळे घाम भरपूर येतो आणि अंग निवतं.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आतली गोष्ट. रवंथ करणारं जनावर म्हणजे चालती भट्टीच: पोटात चारा आंबतो आणि उष्णता तयार होते, दूध बनतानाही होते. देशी गुरांची ही भट्टी मंद जळते. होल्स्टिन ही युरोपीय गाय भरपूर खाते, भरपूर दूध देते, म्हणून पारा 25-26 अंशांपुढे गेला की तिला त्रास सुरू होतो. ती धापा टाकते, चारा कमी खाते, दूध घटतं. "देशी गाय दूध कमी देते" ही तक्रार खरी आहे, पण ती उन्हात टिकते त्यामागेही बऱ्याच अंशी हीच मंद आग आहे. एक हवं आणि दुसरं नको, असं करणं सोपं नाही.

ब्राझीलने हा गुण ओळखला. आंध्रची ओंगोल गुरं तिथे गेली आणि 'नेलोर' झाली; आज तिथल्या मांसाच्या गुरांमध्ये त्यांचाच भरणा आहे. गीर आणि कांक्रेजही तिकडे रुजली.

वशिंडाची सगळी गुरं उन्हासाठीच घडली, असंही नाही. अकोले-इगतपुरीच्या डोंगरांत डांगी बैल धो-धो पावसात भातखाचरं चिखलतो. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यावरून पाणी ओघळून जातं.