सोळा ठिपक्यांची होडी

मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांच्या वेळा सांगणारं अ‍ॅप भाच्याने केलं. आयकॉन म्हणून शिडाची होडी काढली. डोलकाठी, दोर, शीड, खाली तीन लाटा. ५१२ पिक्सेलच्या चौकटीत झकास दिसत होती. ब्राउझरच्या टॅबवर ती १६ पिक्सेलची झाली आणि तिचं ओलं गोणपाट झालं. "मामा, व्हेक्टरात काढलंय, कितीव बारीक कर, फाटाचा नाय," असं तो छातीठोकपणे सांगत होता.

व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, रेषांची गणितं असतात, हे खरंच. पण पडदा ठिपक्यांचाच, त्यांनाच पिक्सेल म्हणतात. आई उदबत्तीने भोकं पाडलेला कागद ठेवून अंगणात रांगोळीचे ठिपके पाडायची. दोन ठिपक्यांमधून तिची रेघ खुशाल वळायची. पडद्यावर ती सोय नाही. तिथे ठिपकाच रंगतो, नाहीतर कोरा राहतो, किंवा अर्धवट रंगतो. सगळी गंमत त्या अर्धवटात आहे.

भाच्याची डोलकाठी २४ पिक्सेल जाड, बरोबर मधोमध, म्हणजे २४४ पासून २६८ पर्यंत. ५१२ चे १६ करताना दर ३२ स्तंभांचा एक होतो. त्यातली एक सीमा पडते नेमकी २५६ वर. काठीचे १२ स्तंभ डावीकडच्या ठिपक्यात गेले, १२ उजवीकडच्या. प्रत्येकाला ३२ पैकी १२, म्हणजे साडेसदतीस टक्के काळेपणा. एक काळी काठी हवी होती, मिळाल्या दोन राखाडी सावल्या. दोर ६ पिक्सेलचा, त्याच्या वाट्याला फार तर १९ टक्के येणार. तो दिसणार कसा?

उपाय म्हणजे काठी ३२ जाड करून २५६ ते २८८ मध्ये सरकवायची. एक ठिपका पूर्ण काळा, शेजारचे स्वच्छ. पण मग ती मधोमध राहत नाही, कारण १६ ला मधला ठिपकाच नाही. अकरा ते एकच्या रांगोळीला मध्य असतो, सोळाच्या ओळीला नसतो. शीड त्याप्रमाणे असमान कापावं लागतं. बरं, मूळची २४ जाड काठी ४८ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये नेली तर ती २२.८७५ ते २५.१२५ अशी बसते. दोन ठिपके काळे आणि दोन्ही कडांना एक अष्टमांशाची काजळी. अँड्रॉइडवर ४८, ७२, ९६, १४४, १९२ अशी मापं लागतात. ४८ वरची १ जाडीची रेघ ७२ वर दीड होते, अर्धा ठिपका पुन्हा राखाडी. म्हणून ४८ च्या जाळीवर जाडी आणि कडा सम आकड्यांवर ठेवाव्यात, २ चे ३ होतात.

थोडक्यात, लहान आयकॉन हे मोठ्याचं आकुंचन नव्हे, ते वेगळं चित्र. चित्रकार सुझन केअरने अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी ३२ बाय ३२ ची चिन्हं चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढली होती. विंडोजच्या आयकॉन फाइलमध्ये १६, ३२, ४८, २५६ अशी वेगवेगळी चित्रं एकत्र ठेवता येतात, ती याचसाठी. आपल्या देवनागरीची शिरोरेघही ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मध्ये पडली की अशीच धुरकटते. ती ओळीवर बसावी म्हणून फॉन्टमध्ये वेगळ्या सूचना भरून ठेवतात.

याच दरम्यान एका परिचिताने भाच्याला सांगितलं की होडीचं तोंड डावीकडे असलं तर धंदा बुडतो, वास्तूत बसत नाही. होडी बुडते ती तळाच्या भोकाने, आणि आयकॉन बुडतो तो अर्ध्या पिक्सेलने. तोंड तसंच ठेवलं.

दोर गेले. काठी एका ठिपक्याची झाली, किंचित उजवीकडे. शीड एका बाजूला चार ठिपके, दुसऱ्या बाजूला तीन. लाटा मात्र काही केल्या सोळात बसेनात. एक ठेवली तर ती गटार वाटायची, दोन ठेवल्या तर पायऱ्या. शेवटी काढून टाकल्या.