हवा मोजली, हात राहिले

धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग शॉपमध्ये शिरलं की आधी नाकात वाफ जाते. म्हणूनच की काय, तपासणी म्हटली की सगळ्यांचं लक्ष हवेकडे. कामगाराच्या कॉलरला नळी, कमरेला छोटा पंप, शिफ्ट संपली की फिल्टर प्रयोगशाळेत. फुप्फुसांसाठी हे हवंच. पण निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम हातांवर ॲलर्जीची खाज उठवतात ते मुख्यतः कातडीला लागून. हवेचा आकडा मर्यादेत असतानाही बोटं फुटलेली असू शकतात.

मग हातच का मोजू नयेत? स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००६ साली त्याची पद्धत मांडली. सेल्युलोजचा छोटा तुकडा १ टक्का नायट्रिक आम्लात ओला करायचा आणि बोटांचा, तळव्याचा ठरावीक भाग लागोपाठ तीन तुकड्यांनी पुसायचा. तुकड्यांवर आलेला धातू यंत्रावर मोजला की उत्तर मिळतं: दर चौरस सेंटिमीटरला इतके मायक्रोग्रॅम.

धातू येतो कुठून, हे शोधायला त्याहून स्वस्त युक्ती आहे. कापसाच्या काडीवर डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाचे थेंब घ्यायचे आणि पाना, मूठ, कडी, जे संशयित असेल ते घासायचं. कापूस गुलाबी झाला तर त्यातून निकेल सुटतंय.

ही ॲलर्जी कामगाराला चकवते ती वेळेमुळे. धातूचे आयन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशी त्यांना ओळखून ठेवतात, आणि ती ओळख बहुधा जन्मभर पुसत नाही. पुढच्या वेळी पुरळ उठतं ते एक-दोन दिवसांनी. सोमवारचं काम, बुधवारची खाज. दोष मात्र मंगळवारच्या साबणाला. त्वचारोगतज्ज्ञसुद्धा पाठीवर संशयित पदार्थाचा पॅच लावून ४८ तास थांबतात आणि काढल्यानंतरही पुन्हा एकदा पाहतात.

गवंड्याचे हात सिमेंटने खाल्ले असं आपण म्हणतो. त्यात सिमेंटच्या अल्कलीचा वाटा आहेच, पण चिवट इसब पुष्कळदा पाण्यात विरघळणाऱ्या षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियमचं. भट्टीच्या आचेवर कच्च्या मालातलं क्रोमियम या रूपात जातं. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं की ते कातडीत सहज न शिरणाऱ्या त्रिसंयुजी रूपात येतं. डेन्मार्कने १९८३ मध्ये मर्यादा घातली, युरोपीय संघाने २००५ पासून: दहा लाख भागांत २ भाग. फेरस सल्फेटचा गुण मात्र साठवणीत हळूहळू उतरतो. म्हणून तिथल्या गोणीवर भरल्याची तारीख आणि ती किती दिवस चालेल, हेही छापावं लागतं.