वाणात द्या टाचेचं मलम

संक्रांत जवळ आली की वाणाच्या कल्पना फोनवर फिरू लागतात. प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या एकमेकींना देऊन कंटाळलेल्या कितीतरी जणी आता घरी केलेली वस्तू वाणात देऊ लागल्या आहेत, आणि मला ही फार आनंदाची गोष्ट वाटते. जानेवारीत देशावरची हवा कोरडी असते, घराघरांत टाचा फुटलेल्या असतात. अशा वेळी पायाला लावायचं घरगुती मलम हे अगदी नेमकं वाण. अडचण आहे ती फिरणाऱ्या कृतींची. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, खोबरेल तेल आणि चमचाभर मध एकत्र फेटा, म्हणे. आणि खाली लिहिलेलं असतं, ‘शंभर टक्के नैसर्गिक, सहा महिने टिकतं’. हे टिकत नाही. ते का टिकत नाही आणि टाचेला नक्की काय हवं असतं, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी पाणीच आहे.

आधी टाच बघू. आपल्या त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. दंडावर किंवा पोटावर तो मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका पातळ असतो. टाचेवर तोच मिलिमीटरभर किंवा त्याहूनही जाड होऊ शकतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट, अशी त्याची रचना. विटांच्या आत केराटिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. नखं, केस आणि गाईची शिंगंही केराटिनचीच. आता तळपायाची अडचण अशी, की तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी एकही नाही. तोंडावर निसर्गतः येणारा तेलकटपणा टाचेच्या नशिबात नसतो.

म्हणून आपण म्हणतो, टाच कोरडी पडली, तेल लावा. ही समजूत इतकी पक्की आहे की ती तपासून बघावी असं फारसं कुणाला वाटत नाही. बोस्टनचे संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी ती तपासली आणि 1952 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोग इतका सरळ आहे की मी तो जमेल तिथे सांगतो. त्यांनी घट्ट्याच्या कातडीचे वाळून कडक झालेले तुकडे घेतले आणि ते तेलांत व स्निग्ध पदार्थांत ठेवले. तुकडे कडकच राहिले, वाकवले की मोडत. तसेच तुकडे पाण्यात ठेवले, तर ते मऊ आणि लवचीक झाले. शृंगस्तरातलं पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, हे त्यांचं मोजमाप. म्हणजे कातडी मऊ करतं ते पाणी. तेलाला ते एकट्याने जमत नाही.

का जमत नाही? केराटिनचे लांबलचक, साखळीसारखे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या एका प्रकारच्या विद्युत ओढीने, धरून असतात. कोरड्या अवस्थेत ही पकड घट्ट असते, रेणू एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, आणि पदार्थ काचेसारखा वागतो: ताण आला की वाकण्याऐवजी तडकतो. पाण्याचा रेणू लहान आणि ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असलेला. तो दोन साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांचे आपसातले बंध तोडतो आणि स्वतः त्यांच्याशी बंध जोडतो. साखळ्या सुट्या होतात, सरकू लागतात. बहुवारिकांचं, म्हणजे अशा साखळी-रेणूंच्या पदार्थांचं, शास्त्र याला काचसंक्रमण तापमान खाली येणं म्हणतं. ज्या तापमानाला काचेसारखा कडक पदार्थ मऊ पडू लागतो, ते हे तापमान. लोकरीवर याची मोजमापं झाली आहेत, कारण लोकरही केराटिनच. पूर्ण कोरड्या लोकरीचं हे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या बरंच वर असतं. पाण्याने पूर्ण भिजलेल्या लोकरीचं ते शून्याच्या आसपास येतं. याचा अर्थ असा की ज्या तापमानाला कोरडं केराटिन काचेच्या अवस्थेत असतं, त्याच तापमानाला ओलं केराटिन रबरासारखं वागतं. तेलाचा रेणू मोठा आणि अध्रुवीय. त्याला त्या बंधांत जागाच मिळत नाही. आणि टाचेवर तर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार येतो, टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन बाजूंना पसरते. कडेची कडक कातडी तिच्याबरोबर ताणू शकली नाही, की भेग.

मग आजीचं कोकमतेल फुकटच का? मुळीच नाही. पाणी आत गेलं तरी कोरड्या हवेत ते काही मिनिटांत उडून जातं. ते उडू नये म्हणून वर झाकण लागतं, आणि झाकणाचं काम तेल, तूप, मेण उत्तम करतात. या कामात सगळ्यात पुढे आहे ती पेट्रोलियम जेली. वनस्पतिजन्य तेलं तिच्या तुलनेत बरीच मागे पडतात, हे नैसर्गिक वस्तूंच्या प्रेमात असलेल्यांनीही मान्य करायला हवं. पण द्रव तेलापेक्षा घन स्निग्ध पदार्थ टाचेवर जास्त काळ टिकून राहतो, आणि इथे कोकणाने आपल्याला एक अप्रतिम वस्तू दिली आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून आमसुलं केली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, आणि वर आलेली चरबी थंड झाल्यावर हाताने वळून तिचे गोळे करायचे. हेच कोकमतेल. या तेलातल्या मेदाम्लांत घट्ट राहणारं स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त आणि उरलेल्यात बहुतांश ओलिक आम्ल. म्हणून ते साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, खोलीत घट्ट राहतं आणि टाचेवर चोळलं की हळूहळू मऊ पडतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच पातळ होतं. पाय जरा ऊबदार झाला की ते ओघळून चादरीला लागतं.

तर वाणासाठी असं करा. मधमाशीचं शुद्ध मेण 15 ग्रॅम, कोकमतेल 25 ग्रॅम, तिळाचं तेल 60 ग्रॅम. गरम पाण्यात वाटी ठेवून सगळं एकत्र वितळवा, पूर्ण कोरड्या डब्यांत ओता, निवल्यावरच झाकण लावा. 10-10 ग्रॅमच्या दहा डब्या होतात. पाण्याचा थेंबही यात पडू द्यायचा नाही. बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. ते नसेल तर त्यांना इथे वाढता येत नाही, म्हणून या मलमाला परिरक्षक, म्हणजे नासणं रोखणारं रसायन, लागत नाही. कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घातलं की आपण त्यांना पाणी आणि अन्न दोन्ही वाढून ठेवतो. त्यात ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घालण्याचा सल्लाही निरुपयोगी आहे. ई जीवनसत्त्व तेलाचं खवट होणं लांबवतं. बुरशी अडवत नाही. आणि भेग म्हणजे उघडी वाट आहे. तिथे बुरशी आलेलं क्रीम जावं, असं वाण मैत्रिणीला कुणी देईल का?

पायांचा विषय निघाला की काशाच्या वाटीचाही निघतो. तळपायाला तूप लावून वाटी फिरवली की तूप काळं पडतं, आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ असं सांगतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासण्याने धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तुपातल्या व घामातल्या आम्लांशी त्यांची क्रिया होते, आणि काळा रंग त्याचाच. मालिशीने पायांना आराम मिळतो, झोपही छान लागते. तेवढ्यासाठी वाटी जरूर फिरवावी. पण हाच काळा रंग दाखवून ‘विषद्रव्यं ओढून घेणाऱ्या’ पट्ट्या आणि यंत्रं हजारो रुपयांना विकली जातात, तेव्हा मला राग येतो. पाय बुडवल्यावर पाणी तपकिरी करणाऱ्या यंत्रात लोखंडी विद्युतअग्रं, म्हणजे पाण्यात वीज सोडणाऱ्या कांड्या, गंजत असतात. पाय न बुडवता यंत्र चालू केलं तरी मीठ घातलेलं पाणी तसंच तपकिरी होतं. पायाला चिकटवायच्या अशाच पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, 2009 मध्ये खटला भरला होता.

नुसती डबी देऊन मात्र काम अर्धंच होतं, कारण कोरड्या टाचेवर मलम लावलं तर ब्लँक यांच्या तेलातल्या तुकड्यासारखी तिची गत होईल. डबीबरोबर सुती मोज्यांचा जोड द्या. आणि चिठ्ठीवर इतकं लिहा: रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, त्याहून जास्त नको, कारण कातडीतले पाणी धरून ठेवणारे क्षार आणि अमिनो आम्लं त्याबरोबर धुऊन जातात. टिपून घ्या, टाच ओलसर असतानाच मलम लावा, मोजे घाला. मलम लावून फरशीवर चालू नका, पाय घसरेल. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल कोंडली की बुरशी होते. भेगेतून रक्त येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात, म्हणून पाणी किती गरम आहे हे पायाने नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने बघा.