काटा मधोमध, ऑइल मात्र कढत

निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीचा चढ लागतो. मागं लोड भरलेला ट्रेलर असेल, किंवा टोचन लावलेला बंद ट्रक असेल, तर ड्रायव्हर अधूनमधून डॅशबोर्डवरच्या काट्याकडं बघत राहतो. काटा मधोमध आहे, म्हणजे इंजिन थंड आहे, असा त्याचा हिशोब. हा हिशोब अर्धाच बरोबर. तो काटा कुलंटचा, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याचा. ऑइलला स्वतंत्र काटा फार थोड्या ट्रकांत असतो. शिवाय कुलंटचा काटाही अनेक गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कुलंट 80 अंशांवर असो की 100 वर, तो जागचा फारसा हलत नाही.

घाटात इंजिनावर काय येतं ते आकड्यांत बघू. दोन्ही गाड्यांचं मिळून वजन 30 टन, चढ 100 मीटरला 5 मीटर आणि वेग ताशी 20 किलोमीटर धरा. नुसतं वजन वर चढवायला सुमारे 80 किलोवॉट लागतात, टायरांना आणखी 15. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअलची गळती धरली तर इंजिनाला 110 किलोवॉट, म्हणजे जवळपास 150 हॉर्सपॉवर, सलग द्यावी लागते. ओढणारा तोच ट्रक एकटा सपाटीला 50 च्या वेगानं याच्या तिसऱ्या हिश्शात भागवतो. 110 किलोवॉट हाती लागायला डिझेल जळतं सुमारे 275 किलोवॉटचं. बाकीची उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटर वाटून घेतात, आणि 15 ते 20 किलोवॉट येते ऑइलच्या वाट्याला. घरातला गिझर 2 किलोवॉटचा असतो. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या, 15 लिटर ऑइलमध्ये आठ-दहा गिझर चालू करून सोडले, असं समजा. ही उष्णता कुठंच गेली नाही, तर अर्ध्या मिनिटात ऑइल 20 अंशांनी वर जाईल. बरीचशी ऑइल कूलर काढून घेतो, थोडी ब्लॉक आणि चेंबरच्या पत्र्यातून बाहेर पडते, म्हणून प्रत्यक्षात इतका वेग येत नाही.

एवढी उष्णता ऑइलमध्ये येते कुठून? थोडी बेरिंगमधून. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आणि बेरिंग यांच्या फटीत ऑइलचे थर एकमेकांवर घासतात आणि त्यात ऑइल तापतं. पण मोठा वाटा पिस्टनचा. आजच्या बहुतेक टर्बो डिझेलमध्ये प्रत्येक पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा मारणारं नोझल असतं. पिस्टनच्या डोक्यावर डिझेल पेटतं आणि त्याच्या पोटाची आग ऑइल विझवतं. घाटात पिचकारी तीच, आग मात्र तिप्पट.

हे तापलेलं ऑइल थंड होतं ऑइल कूलरमध्ये. ब्लॉकच्या बाजूला एका झाकणाखाली पातळ पत्र्यांची थप्पी असते. एका फटीतून ऑइल, शेजारच्या फटीतून कुलंट, पुन्हा ऑइल, पुन्हा कुलंट. ऑइल आपली उष्णता कुलंटला देतं आणि कुलंट ती रेडिएटरला नेऊन देतो. म्हणूनच ऑइलचं तापमान एकटं वाचून निदान होत नाही. कुलंटपेक्षा ऑइल किती वर आहे, तो फरक वाचायचा. निरोगी इंजिनात सपाटीला हा फरक 5 ते 10 अंश असतो आणि भरल्या घाटात 10 ते 15. कुलंट 90 वर असेल तर ऑइल 105 च्या आसपास, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कुलंट 90 लाच आणि ऑइल 120 च्या पुढं गेलं, तर दुखणं कूलरच्या आसपास आहे. दोघंही जोडीनं वर चढत असतील तर रेडिएटरकडं बघा. इंजिनागणिक हे आकडे थोडे बदलतात, त्यामुळं कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

एक गंमत अशी की कूलर तुंबला की कुलंटला ऑइलची उष्णता कमीच मिळते. काटा शांत राहतो, कधी कधी नेहमीपेक्षा खालीही. आजार जितका वाढलेला, तितका काटा निवांत.

आता तुंबतो का? आपल्याकडं याचं सर्वांत मोठं कारण बोअरचं पाणी. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मागं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. त्याची तऱ्हा साखरेच्या उलट. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे क्षार मात्र पाणी जितकं गरम तितके कमी विरघळतात. म्हणून खडूसारखा पांढरा थर सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर आधी बसतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांनाही असाच थर धरतो, आणि गाळप थांबवून त्या साफ कराव्या लागतात. इंजिनात कुलंट ज्या तापलेल्या भागांना भिडतो, त्यातली सर्वांत चिंचोळी वाट ऑइल कूलरची. रेडिएटर वरून चकचकीत दिसतो आणि आत कूलर गच्च झालेला असतो.

बरेच जण सांगतात की हा थर गोधडीसारखा असतो, तो उष्णता अडवतो. खरं आहे, पण ते अर्धंच. 0.3 मिलिमीटरच्या थरानं उष्णतेची वाट साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते. तेवढं इंजिन सोसतं. खरा घात फटीचा होतो. दोन पत्र्यांमधली फट 2 मिलिमीटर होती. दोन्हीकडून 0.3 चा थर बसला की उरली 1.4, म्हणजे 70 टक्के. संथ प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात चालतो. 0.7 गुणिले 0.7 गुणिले 0.7 केलं की उत्तर येतं 0.34. फट तीस टक्के घटली, पण तेवढ्याच दाबाखाली जाणारा कुलंट एक-तृतीयांश उरला. प्रवाह खळबळता असेल तर घट जरा कमी, तरी तो निम्म्याजवळ येतोच. त्यात गंजाची भुकटी किंवा नव्या ब्लॉकमधून सुटलेली ओतकामाची वाळू येऊन अडकली, तर काही फटी पार बंद. थोडासाच थर असून ऑइल एवढं का तापतं, याचं उत्तर या घनात आहे.

इथंच हळदीचा विषय काढायला हवा. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, हा रस्त्यावरचा जुना उपाय. हळदीचे कण पाण्यानं फुगतात आणि बारीक भोक बुजवतात, त्यामुळं गळती थांबते हे खरं. पण हळदीला गळतीचं भोक आणि कूलरची फट यातला फरक कळत नाही. ‘इंजिन 20 अंशांनी थंड’ असं छापलेल्या बाटल्याही त्याच रांगेतल्या. ऑइलमध्ये काहीही ओतलं तरी पिस्टनची उष्णता कमी होत नाही. बंपरला बांधलेली लिंबू-मिरची निदान कूलरमध्ये तरी जात नाही.

दुसरा लाडका उपाय थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे कुलंट तापला की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा. बऱ्याच ट्रकांच्या वॉलला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते, तेव्हा खालची बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेचं, तोंड बुजवते. वॉलच काढला की बायपास कायमचा उघडा, आणि घाटात गरम कुलंटचा एक वाटा रेडिएटरकडं न जाता परत इंजिनात. सपाटीला काटा खाली दिसतो म्हणून मालक खूश, आणि तवंदीत गाडी गरम.

मोजणी अशी करावी. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी ऑइल आणि कुलंट दोन्हींचे आकडे घ्या. रात्रभर उभ्या गाडीत ते 2-3 अंशांच्या आत जुळले पाहिजेत. नसतील तर आधी सेन्सर तपासा. नव्या गाड्यांत स्कॅनरवर दोन्ही दिसतात, मात्र काही गाड्यांत ऑइलचा आकडा मोजलेला नसून हिशोबानं काढलेला असतो, ते आधी विचारून घ्या. जुन्या गाडीला तापमान मोजणारी लेझर गन चालते. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती आकडा कमी दाखवते, म्हणून चेंबरच्या तळाशी आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवर काळा मॅट रंग लावून तिथंच मोजा. मग हायवेवर अर्धा तास सपाटीला चालवून एक नोंद, आणि लोडसह घाटमाथ्यावर सुरक्षित जागी थांबून लगेच दुसरी.

कूलर उघडण्याआधी फुकटातल्या गोष्टी बघा. डिपस्टिकवर ऑइल कमी आहे का? जास्तही वाईट. खुणेच्या वर गेलं की क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि ऑइल घुसळण्यानंच तापतं. न भरता पातळी वाढली असेल तर डिझेल किंवा कुलंट उतरतोय. रेडिएटरच्या जाळीत उसाचं पाचट आणि धूळ बसली असेल तर इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, कमी दाबानं पाणी मारा. 20 च्या वेगाला समोरून वारा नसतो, सगळी मदार फॅनवर, त्यामुळं बेल्ट आणि फॅनचा क्लच हातानं तपासा. मागच्या गाडीचा ब्रेक घासत असेल तर तो एक हब बाकीच्यांपेक्षा ठळक तापलेला सापडतो. काळा धूर असेल तर टर्बोची होज आणि एअर फिल्टर.

घाटात गिअर वेळेवर उतरवणं हाही इलाज आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढतं, तेव्हा पिस्टनवर ताण पूर्ण असतो आणि वॉटर पंप, ऑइल पंप, फॅन तिन्ही मंद. एक गिअर खाली आला की तिघांचा वेग वाढतो. अगदी शेवटच्या आरपीएमलाही रेटू नका, तिथं घर्षणाची उष्णता वाढते.

ऑइल 130 ला गेलं तर 15 डब्ल्यू 40 ऑइलचा घट्टपणा 100 अंशांच्या मानानं निम्म्यावर येतो, आणि बेरिंगमधला थर पातळ होतो. शिवाय दर 10 अंशांना ऑइल जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलला 1000 आरपीएमच्या आसपास चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग बंद करा. लगेच बंद केली तर टर्बोतलं ऑइल जागीच करपतं. रेडिएटरचं झाकण उघडू नका. बेळगावच्या उंचीवर साधं पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या दाबामुळं ते थांबलेलं असतं, दाब गेला की अंगावर येतं.

कूलर काढलाच तर कुलंटच्या बाजूनं 5 टक्के सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी फिरवा. बुडबुडे थांबेपर्यंत, मग भरपूर स्वच्छ पाणी. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्यातलं क्लोराइड स्टीललाही भोकं पाडतं. ॲल्युमिनियम असेल तर कॉस्टिकही नको. बसवण्याआधी ऑइलच्या बाजूला हवा भरून गरम पाण्यात बुडवा आणि बुडबुडे येतात का बघा. बारीक भेग असेल तर चालू गाडीत ऑइलचा दाब जास्त असल्यानं ऑइल कुलंटमध्ये जातं, आणि बंद केल्यावर कुलंट ऑइलमध्ये उतरतो. टाकीत तवंग आणि डिपस्टिकवर दुधाळ रंग एकत्र दिसला, तर कूलर बदलाच. गाडीत परत भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

मग तोच घाट, तेवढाच लोड, शक्यतो तीच वेळ. फरक 12 वर आला तर दोष कूलरमध्येच होता. अजून 20 असेल, तर कूलरचा बायपास वॉल उघडून बघा. त्याची स्प्रिंग तुटली किंवा तिच्यात कचरा अडकला, की ऑइल कूलरला न शिवताच पुढं निघून जातं.